रांगेतील घराचे वचन

मराठीत स्थिरावलेल्या इंग्रजी शब्दांपैकी काही आपला मूळ अर्थ बोटीवरच ठेवून उतरले असावेत. 'टेरेस' हा त्यांतलाच एक. आपल्याकडे टेरेस म्हणजे गच्ची. पापड-कुरडयांची, पतंगांची, कोजागरीच्या दुधाची. इंग्लंडात मात्र टेरेस म्हणजे खांद्याला खांदा लावून उभी असलेली घरांची रांग. या घरांना गच्ची नसते. उतरते छप्पर, त्यावर धुराडे, आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांशी सामाईक असलेल्या भिंती हे त्यांचे लक्षण. पुण्या-नाशिककडे ज्याला 'रो हाऊस' म्हणतात त्याच्या जवळपास जाणारा हा प्रकार आहे. परंतु रो हाऊस हे आपल्याकडे ऐपतीचे चिन्ह, तर इंग्लंडातील रांगेतील घर हे एकोणिसाव्या शतकात बहुतांशी कामगाराच्या नाइलाजाचे चिन्ह होते. श्रीमंतांनीही अशा रांगा बांधल्या हे खरे. बाथ येथील अठराव्या शतकातील रांगा पाहावयास आजही प्रवासी जातात. परंतु त्या आम्हांला येथे अभिप्रेत नाहीत. आमचा विषय आहे तो विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, 'उद्यान-उपनगर' या तेव्हा नव्या असलेल्या कल्पनेखाली, कामगारांसाठी म्हणून बांधल्या गेलेल्या छोट्या रांगांचा.

आम्ही दोघेही साहित्याचे अध्यापक; वास्तुकलेचे शास्त्रशुद्ध शिक्षण आम्हांला नाही. परंतु काही वर्षांपूर्वी दोन वर्षे वायव्य लंडनमध्ये, क्रिकलवुड भागातील एका जुन्या रांगेतील घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहिलो, आणि तेथून तासाभराच्या चालीवर असलेल्या हॅम्पस्टेड उद्यान-उपनगरात रविवारी फिरावयास जाण्याचा आमचा परिपाठ पडला. दोन्ही ठिकाणची घरे रांगेतीलच. दोहोंच्या बांधकामात वीसएक वर्षांचे अंतर. तरीही एका रांगेतून दुसऱ्या रांगेत जाताना आपण एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जात आहोत असे वाटे. हे अंतर कशाने पडले, याचा शोध घेता घेता आम्ही ज्या प्रश्नापाशी पोहोचलो तो निव्वळ वास्तुकलेचा राहिला नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम आम्ही राहत होतो त्या घराविषयी. इंग्लंडातील १८७५च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर १८७७ मध्ये सरकारने नमुना उपविधी तयार केले. आपल्या गृहनिर्माण संस्थांमुळे 'उपविधी' हा शब्द आपणांस परिचित आहे. त्या शब्दातला सगळा कोरडेपणा येथेही गृहीत धरावा. वाहनांसाठीचा नवा रस्ता किमान ३६ फूट रुंद हवा. प्रत्येक घरामागे किमान १५० चौरस फूट मोकळी जागा हवी. अशी ती कलमे. पटकीने आणि क्षयाने पोखरलेल्या, मागे खिडकीच नसलेल्या जुन्या वस्त्यांच्या तुलनेत हे नियम म्हणजे मोठेच पाऊल होते. परंतु नियम जे किमान म्हणून सांगतो तेच बांधणारा कमाल म्हणून स्वीकारतो, हा व्यवहार सर्व देशांत सारखाच असावा. सरळ रेषेत ओढलेला रस्ता, त्याच्या दोहों अंगांना पंधरा-सोळा फुटांच्या दर्शनी रुंदीची घरे, आणि रुंदी कमी म्हणून खोलीत वाढवलेला आराखडा. पुढची खोली, मधली खोली, आणि मागे अंगणात शेपटासारखा घुसलेला स्वयंपाकघराचा भाग. या शेपटामुळे मधल्या खोलीचा उजेड जातो. आमच्या घरमालकाच्या मधल्या खोलीत जून महिन्यातल्या दुपारीदेखील दिवा लागलेला असे. अशी घरे एकामागून एक, शेकड्यांनी. इतकी सारखी, की आम्ही आमचे दार त्याच्या रंगावरून ओळखत असू.

या 'उपविधीच्या रांगे'ला कंटाळलेल्या माणसांनी उद्यान-उपनगराची कल्पना काढली. त्यांतील तीन नावे येथे आवश्यक आहेत. हेन्रिएटा बार्नेट या पूर्व लंडनमधील व्हाइटचॅपल या दरिद्री वस्तीतील धर्मोपदेशकाच्या पत्नी. पती सॅम्युएल यांच्यासह १८८४ मध्ये टॉयन्बी हॉल उभारणाऱ्या. भुयारी रेल्वे गोल्डर्स ग्रीनपर्यंत येणार हे कळल्यावर हॅम्पस्टेडच्या माळालगतची जमीन बिल्डरांच्या तावडीतून वाचवण्यासाठी त्यांनी चळवळ उभारली. ऐंशी एकर जमीन सर्वांसाठी मोकळी राखली गेली, आणि उरलेल्या २४३ एकरांवर, ती ईटन कॉलेजकडून विकत घेऊन, त्यांनी उपनगर वसवावयास घेतले. रेमंड अन्विन आणि बॅरी पार्कर हे वास्तुकार. एकमेकांचे नातलग आणि भागीदार. अन्विन यांच्यावर विल्यम मॉरिस आणि रस्किन यांचे संस्कार. यॉर्कजवळचे न्यू इअर्सविक आणि लेचवर्थ ही उद्याननगरी यांचे आराखडे त्यांनी आधीच केलेले होते.

२ मे १९०७ रोजी हॅम्पस्टेड वे या रस्त्यावर पहिल्या दोन घरांच्या कामाला आरंभ झाला. पण त्याआधी एक कायदा करावा लागला होता, ही गोष्ट आम्हांला फार बोलकी वाटते. उपविधींच्या चौकटीत उद्यान-उपनगर बसतच नव्हते! १९०६च्या हॅम्पस्टेड उद्यान-उपनगर कायद्याने त्या चौकटीला बगल दिली. सरासरी एकरी आठांपेक्षा अधिक घरे बांधावयाची नाहीत हे बंधन संस्थेने स्वतःवर घालून घेतले. आणि त्याच्या बदल्यात ५०० फुटांपेक्षा लांब नसलेल्या छोट्या गल्लीला २० फुटांची रुंदीही चालेल, अशी सवलत मिळवली. मात्र समोरासमोरच्या घरांत किमान ५० फुटांचे अंतर राहिले पाहिजे. वरवर पाहता ही आकड्यांची अदलाबदल आहे. पण तिच्यात एक नवीन दृष्टी आहे. उपविधीने रस्ता रुंद मागितला होता, म्हणजे दगडमातीचा पट्टा मागितला होता; या कायद्याने रस्ता अरुंद करून घरांमधले अंतर मागितले. रस्त्याचा वाचलेला पैसा आणि जमीन बागांकडे वळली. एका टोकाला बंद असलेली, तिघा बाजूंनी घरांनी वेढलेली गल्ली त्यामुळे शक्य झाली. आपल्याकडे अशा जागेला बोळ म्हटले असते आणि नाक मुरडले असते. अन्विन यांनी या बोळाचे अंगण केले.

आमच्या फिरण्याचा मुक्काम बहुधा अशाच एका बोळात पडे. त्याचे नाव अस्मन्स प्लेस. उपनगराच्या ज्या भागाला 'कारागिरांचा विभाग' म्हणत, त्यातला हा एक कोपरा. येथली घरे एकटी नाहीत, रांगेतच आहेत. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे, की उद्यान-उपनगर म्हटले की सुटासुटा बंगला डोळ्यांपुढे येतो. अन्विन यांनी रांग नाकारली नाही. त्यांनी रांग तोडली, एवढेच. शंभर घरांची अखंड ओळ तोडून चारांचे, सहांचे, आठांचे गट केले आणि प्रत्येक गट एका छपराखाली आणला. घराची दर्शनी रुंदी वाढवली, खोली कमी केली. मागचे शेपूट छाटून टाकले. त्यामुळे पुढच्या खोलीत शिरलेला उजेड मागच्या बागेपर्यंत आरपार जाऊ शकला. मधल्या घरांना मागच्या बागेत जाण्यासाठी रांगेच्या पोटातून कमानीचा बोगदा ठेवला, म्हणजे कोळशाची पोती आणि बागेतला पालापाचोळा बैठकीच्या खोलीतून न्यावा लागू नये. भिंतींवर कोठे विटा, कोठे खडबडीत गिलावा. लहान तावदानांच्या, दारासारख्या उघडणाऱ्या खिडक्या. कौलांचे छप्पर कोठे थेट पहिल्या मजल्याखाली उतरलेले आणि त्यातून डोकावणारी एखादी खिडकी. पुढे दगडी भिंत नाही. कापून सारखे केलेले हिरवे कुंपण.

असा सहा घरांचा एक गट आम्ही कितीतरी वेळ पाहत उभे राहिलो आहोत. टोकाची दोन घरे किंचित पुढे आलेली, त्यांच्या छपरांच्या त्रिकोणी भिंती रस्त्याकडे तोंड करून. मधली चार मागे सरून एका सलग छपराखाली विसावलेली. बरोबर मध्ये कमान. आणि वर दोन घरांनी वाटून घेतलेली भरभक्कम धुराडी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये लयीचे जे तीन नियम सांगितले ते शिकवताना आम्हां दोघांचीही नेहमी ओढाताण झाली आहे. संवाद, विरोध, समतोल हे शब्द फळ्यावर लिहिता येतात; वर्गाला दाखवावयाचे काय? या सहा घरांपुढे ती अडचण उरत नाही. खिडकीमागून खिडकी, दारामागून दार येते तेव्हा संवाद. पुढे आलेल्या त्रिकोणी भिंतीने सलग छपराला छेद दिला की विरोध. एका टोकाच्या त्रिकोणाला दुसऱ्या टोकाच्या त्रिकोणाने उत्तर दिले की समतोल. उपविधीच्या रांगेत पहिला नियम अनंत वेळा वापरला होता. उरलेले दोन नव्हतेच. म्हणून तिला लय नव्हती, नुसती गणती होती. शिवाय येथे आणखी एक गोष्ट घडते. सहांपैकी कोणतेही एक घर काढून बाजूला ठेवले तर ते सामान्य आहे, काहीसे अपुरेही. त्याला सौंदर्य येते ते रांगेतल्या त्याच्या जागेमुळे. मध्यम पगाराच्या गवंड्याला एकट्याने कधीच परवडला नसता असा दर्शनी डौल सहा जणांनी मिळून विकत घेतलेला आहे.

येथपर्यंतचे आमचे वाचन रूपाचे झाले, आणि त्यात आम्हांला आनंद आहे. परंतु घराला माणसे लागतात. अन्विन यांनी १९०२ मध्ये कामगारांच्या घरांच्या आराखड्यांविषयी एक छोटी पुस्तिका लिहिली होती. तिच्यातला त्यांचा एक आग्रह असा, की कामगाराच्या लहान घरात वेगळी बैठकीची खोली ठेवू नये. आठवड्यातून एकदा उघडल्या जाणाऱ्या, चांगल्या खुर्च्या आणि चिनी मातीच्या वस्तू मांडलेल्या त्या खोलीत जागा फुकट जाते. त्यापेक्षा एकच मोठी, ऊन येणारी, सर्वांनी वापरण्याची खोली असावी. तर्काच्या दृष्टीने हे बिनतोड आहे. पण कामगारांच्या बायकांना ते पटले नाही. १९१८ मध्ये युद्धोत्तर घरांविषयी चौकशी झाली तेव्हा स्त्रियांच्या समितीसमोर हीच मागणी पुनःपुन्हा आली: आम्हांला ती खोली हवी. आजारी माणसाला निजवण्यासाठी हवी, मुलीला पाहावयास कोणी आले तर हवी, मयत ठेवण्यासाठी हवी. ज्या घरातला सगळा दिवस राखेत आणि धुण्यात जातो त्या घरात एक तरी दार असे असावे, की ज्याच्या आत पसारा नाही.

आमच्या लहानपणच्या दोन खोल्यांत आल्या-गेल्याला बसवण्यासाठी पलंगावर घातली जाणारी एक नक्षीची चादर होती. ती एरवी ट्रंकेत असे. तेव्हा त्या बायकांची मागणी आम्हांला समजण्यास वेळ लागला नाही. सुंदर आणि सयुक्तिक घर कोणासाठी बांधावयाचे हे ठरले, तरी ते कोणाला विचारून बांधावयाचे हा प्रश्न उरतोच. अन्विन यांचा मोठेपणा असा, की १९१८च्या ज्या ट्यूडर वॉल्टर्स अहवालावर त्यांची सर्वांत खोल छाप आहे, त्याच अहवालाने बैठकीच्या खोलीची घरेही मोठ्या प्रमाणात बांधावीत असे म्हटले.

आता त्या वचनाविषयी, ज्यासाठी आम्ही हे लिहावयास घेतले. बार्नेटबाईंच्या योजनेत रांगेतले घर हा एका मोठ्या आशयाचा भाग होता. लंडनच्या मध्यापासून दोन पेनीच्या भाड्यात पोहोचता येईल अशा ठिकाणी कामगाराला बागेसह घर मिळावे. आणि त्याच उपनगरात, त्याच झाडांखाली, सर्व थरांतील लोक राहावेत. बागा आणि राई सर्वांना मोकळ्या. घंटांचा कलकलाटसुद्धा नको. एकट्या राहणाऱ्या नोकरदार स्त्रियांसाठी बेली स्कॉट या वास्तुकाराने १९०९ मध्ये चौकाभोवती बांधलेले वॉटरलो कोर्ट. वृद्धांसाठी लहान घरे. मध्यभागी चौकात लटयन्स यांची दोन प्रार्थनामंदिरे. हेच लटयन्स पुढे नव्या दिल्लीच्या राजपथावर गेले, आणि तेथे सर्व थर एकत्र राहण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. पण तो विषय वेगळा.

आम्हांला महत्त्वाची वाटते ती या घरांमागची मालकीची रीत. कारागिरांच्या विभागातील बरीचशी घरे 'हॅम्पस्टेड टेनंट्स' या सहभागी संस्थेने बांधली. या रीतीचा पहिला प्रयोग लंडनच्याच पश्चिमेस, ईलिंगमध्ये, १९०१ मध्ये सुरू झाला होता. तेथील ब्रेंटम उद्यान-उपनगर हे त्याचे फळ. हेन्री व्हिव्हियन हे सुतारकामातून कामगार-चळवळीत आलेले गृहस्थ त्याचे सूत्रधार. व्यवस्था अशी: घरे कोणा एकाची नाहीत, संस्थेची. भाडेकरूने संस्थेचे भाग घ्यावयाचे, हप्त्याहप्त्याने का होईना. बाहेरून आलेल्या भांडवलावर पाच टक्क्यांपेक्षा अधिक लाभांश नाही. वर्षाअखेर जे उरेल ते भाडेकरूंना त्यांनी दिलेल्या भाड्याच्या प्रमाणात, आणि तेही रोख नव्हे, तर त्यांच्या भागांत जमा. म्हणजे भाडेकरू हाच हळूहळू मालक होत जातो, पण आपल्या घराचा नव्हे, सगळ्या रांगेचा. घर सोडताना तो आपले भाग घेऊन जाऊ शकतो, घर विकू शकत नाही. जमिनीचा भाव वाढला तर ती वाढ सर्वांची.

ब्रेंटमची चक्कर आम्ही दोन-तीनदाच केली, पण ती या विषयाच्या अभ्यासकाने चुकवू नये. तेथे पहिल्या रस्त्यावर १९०१ सालची घरे चक्क उपविधीच्या धर्तीची आहेत. सरळ रांग, लाल विटा, शेजारच्या कोणत्याही रस्त्यावर खपून जातील अशी. त्यांत मालकीची रीत नवी होती, रूप जुनेच होते. १९०७ मध्ये अन्विन-पार्कर यांचा आराखडा आला आणि दोनशे पावले पुढे गेल्यावर रांगा वळू लागतात, तुटू लागतात, कोपऱ्यावरचे घर तिरके उभे राहून दोन्ही रस्त्यांकडे पाहू लागते. आशय आधी आला आणि त्याने आपल्याला साजेसा घाट सहा वर्षांनी शोधून घेतला! घाट आणि आशय यांविषयी आपल्या समीक्षेत जेवढी शाई खर्ची पडली आहे, तिच्यातील काही त्या रस्त्यावर उभे राहून वाचवता आली असती असे आम्हांला वाटून गेले.

पुढे काय झाले हे थोडक्यात सांगतो. सहभागी संस्थांत बाहेरच्या भागधारकांचे वजन वाढत गेले आणि १९३० नंतरच्या दशकांत अशा वसाहती मालमत्तेचा व्यापार करणाऱ्या कंपन्यांच्या हाती गेल्या. रिकामे झालेले घर एकेकटे विकले जाऊ लागले. १९६७च्या कायद्याने दीर्घ भाडेपट्ट्याने घर घेतलेल्यांना जमिनीची कायम मालकी विकत घेण्याचा हक्क दिला. तो हक्क न्याय्यच होता. त्यामुळे उपनगराचे रूप बिघडेल ही भीतीही रास्त होती. म्हणून १९६८ मध्ये उपनगर जतन-क्षेत्र म्हणून घोषित झाले, आणि १९७४ पासून एका मान्यताप्राप्त व्यवस्थापन-योजनेखाली घरांच्या बाह्यरूपात बदल करावयाचा तर ट्रस्टची परवानगी लागते. खिडकीची तावदाने, कौलांचा रंग, कुंपणाची झुडपे, सगळ्यांना संरक्षण आहे. म्हणून आज, शंभराहून अधिक वर्षांनी, आम्हांला ती सहा घरे जवळजवळ १९०८ मध्ये दिसली असतील तशी पाहता आली. याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. पण कौलांना मिळाले ते संरक्षण भाड्याला मिळाले नाही. गवंड्यासाठी बांधलेल्या त्या घरांची किंमत आज कित्येक लाख पौंडांत आहे, आणि त्यांत गवंडी येतो तो दुरुस्तीला.

एका रविवारी अशाच एका घरापुढे कुंपण कापत असलेल्या वृद्ध गृहस्थांशी आमचे बोलणे झाले. आम्ही धुराड्याकडे बोट दाखवून काही बोलत होतो, त्यावरून त्यांनीच विषय काढला. त्यांचे वडील संस्थेचे भाडेकरू होते. त्यांनी स्वतः पुढे ते घर विकत घेतले. मुलगा शाळेत शिकवतो, आणि शिक्षकाच्या पगारात या भागात घर घेणे शक्य नसल्याने दूर, गाडीने दीड तासावर राहतो. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. आपल्यानंतर घर विकून पैसे मुलाला मिळतील, म्हणजे त्याचे तेथले कर्ज फिटेल, असा त्यांचा हिशेब होता. बोलता बोलता कुंपणाची कड त्यांनी इतकी सरळ कापली की दोरी धरल्यासारखी दिसावी. तीन पिढ्यांची ही गोष्ट दहा मिनिटांत संपली. परत येताना आम्ही फारसे बोललो नाही. ते घर त्यांच्या वडिलांना सर्वांचे म्हणून मिळाले होते. त्यांना ते स्वतःचे म्हणून मिळाले. मुलाला त्याचे पैसे मिळणार होते.

या निष्पत्तीचा दोष घाटाकडे जातो काय? काही अंशी जातो, असे म्हणावे लागेल. एकरी आठ घरे म्हणजे सौंदर्य, पण एकरी आठच घरे म्हणजे दुर्मिळताही. अन्विन यांना या आक्षेपाची जाणीव होती. १९१२ मध्ये त्यांनी एक पत्रक लिहून दहा एकरांचे दोन आराखडे शेजारी मांडले: एकात उपविधीप्रमाणे ३४० घरे, दुसऱ्यात १५२. पहिल्यात रस्त्यांवरच इतका खर्च होतो, की दुसऱ्यात घरामागे सुमारे तिप्पट जमीन मिळूनही जमिनीच्या भाड्यात वाढ थोडीच होते, असे त्यांनी आकड्यांनी दाखवले. गणित चोख आहे. परंतु ज्या १८८ कुटुंबांना त्या दहा एकरांत जागा मिळाली नाही त्यांनी कोठे जावयाचे, याचे उत्तर त्या गणिताबाहेर आहे. अन्विन यांचे उत्तर होते, की शहराबाहेर स्वस्त जमीन पुष्कळ आहे. जोवर ती स्वस्त होती तोवर हे उत्तर खरे होते.

आणि काही काळ ते खरे ठरवलेही गेले. हा भाग सांगितला नाही तर अन्याय होईल. लंडन कौंटी कौन्सिलच्या वास्तुकारांनी हॅमरस्मिथजवळ ओल्ड ओक ही वसाहत १९११ ते १९१३ या काळात बांधावयास घेतली. तिच्यातल्या त्रिकोणी भिंती, उतरती छपरे आणि तुटक रांगा अन्विन यांच्या शाळेत शिकलेल्या आहेत. मात्र घरे सार्वजनिक, भाडेकरूंसाठी. १९१९च्या गृहनिर्माण कायद्याने हा कित्ता देशभर गिरवला गेला. शहरात एकरी बारा, खेड्यात एकरी आठ. १९२१ पासून पूर्व लंडनबाहेर बेकन्ट्री येथे पंचवीस हजारांहून अधिक घरे उभी राहिली. घाट पातळ झाला, कमानी आणि धुराडी साधी झाली, पण गोदीतल्या हमालाला बाग मिळाली. हॅम्पस्टेडमध्ये रूप टिकले आणि वचन गेले. येथे रूप उणावले आणि वचन पुष्कळ वर्षे पाळले गेले. पुढे १९८०च्या कायद्याने सार्वजनिक घरे राहत्या भाडेकरूंना सवलतीत विकण्यास आरंभ झाला, आणि तो वृद्ध गृहस्थांचा हिशेब लक्षावधी घरांत मांडला गेला.

आमच्या क्रिकलवुडच्या घराविषयी शेवटचे सांगावयाचे आहे. ज्या रांगेला कंटाळून हे सारे सुरू झाले, ती रांग आजही गरिबाला आणि परक्याला थारा देते. आमच्या एका भिंतीपलीकडे एक एकटे आयरिश आजोबा होते; त्यांचा पहाटेचा खोकला आम्हांला गजराच्या जागी होता. दुसऱ्या भिंतीपलीकडे सोमाली कुटुंब. त्यांच्या मुलांच्या पाढ्यांवरून शाळेच्या परीक्षा जवळ आल्याचे कळे. दिवाळीत आम्ही दोन्हीकडे चकल्या दिल्या आणि ईदेला आमच्या दारात ताट आले. सर्व थरांनी शेजारी राहावे हे बार्नेटबाईंचे स्वप्न असे वाकड्या वाटेने, जेथे कोणी ते पाहिले नव्हते तेथे, थोडेसे उतरले होते. म्हणून उपविधीची रांग चांगली ठरत नाही. मधल्या खोलीत अंधार होताच, आणि आमच्या खोलीच्या कोपऱ्यात बुरशी होती. तो अंधार ज्यांनी घालवला त्यांचे ऋण आम्ही मानतो. प्रत्येक खिडकीला ऊन मिळावे म्हणून घरांची रांग किंचित वळवणारा माणूस आमच्या लेखी कवीच्या तोडीचा आहे.

परंतु साहित्याच्या वर्गात आम्ही रूपाविषयी बोलतो तेव्हा आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. घराचे रूप भिंत, छप्पर आणि खिडकी यांपाशी संपत नाही. हे कोणाचे, ते विकता येईल काय, वाढलेला भाव कोणाच्या खिशात जाईल, हे लिहिलेला कागदही त्या रूपाचा घटक असतो. सहा घरांना एक छप्पर देणारी वास्तुकला आणि सहा घरांना एक मालकी देणारा करार ही एकाच वाक्याची दोन पदे होती. जतन करणाऱ्यांनी पहिले पद जिवापाड जपले. दुसरे कोणाच्या डोळ्यांना दिसत नव्हते, म्हणून ते गळाले तरी वाक्य पूर्ण आहे असेच सर्वांना वाटत राहिले. डागडुजीची परवानगी मागणारा अर्ज कौलासाठी असतो, खिडकीसाठी असतो. त्या कराराच्या डागडुजीसाठी अर्ज कोठे करावयाचा, याची खिडकी अजून कोणी बांधलेली नाही.